कशावरूनसाहेबांचा लुकलुकता खोका

बाजारात त्यांना नावाने कुणीच ओळखत नव्हतं. वजनमापे खात्यात त्यांनी निरीक्षक म्हणून तेहतीस वर्षं काढली, आणि त्या तेहतीस वर्षांत दुकानदाराने काहीही सांगितलं की त्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडायचा, "कशावरून?" काटा बरोबर आहे, साहेब. कशावरून? वजनं कालच तपासून आणली, साहेब. कशावरून? एका बिचाऱ्याने बोलायचं म्हणून "आज फार उकडतंय" म्हटलं, तर त्यालाही साहेबांनी तेच विचारलं म्हणे. त्यांची सायकल कोपऱ्यावर दिसली की या टोकापासून त्या टोकापर्यंत "कशावरून आले" अशी कुजबुज पोचायची आणि सगळी दुकानं एकदम शिस्तीत यायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कशावरूनसाहेब हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कुणाच्या दुकानात कपभर चहासुद्धा प्यायला नाही. पण संशय हा त्यांचा धंदा होता की स्वभाव, हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी सख्ख्या मामाच्या दुकानात पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक शोधून काढलं आणि तराजू उचलून नेला. मामा त्यांच्या लग्नाला आला नाही. सगळे हळहळत होते तेव्हा नवरदेव म्हणाला, "म्हणजे चुंबक त्यानेच लावलं होतं." बाजूला उभ्या असलेल्या नवरीने त्याच क्षणी ओळखलं की आपल्याला आयुष्यभर कुणाबरोबर राहायचंय. ती बाई मोठी हसरी. सगळ्या गल्लीची ती काकू, म्हणून आपणही काकूच म्हणू.

दोघांना मूलबाळ नव्हतं. खाली ही दोघं, आणि वरच्या खोलीत चार वर्षांपासून एक शिकवणीवाली मुलगी भाड्याने राहत होती. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण काकूंच्या लेखी पोरच. ती लॅपटॉपसमोर बसून गावोगावच्या मुलांना गणित शिकवायची. शेजारची दोन लहान मुलं वह्या घेऊन जिना चढून यायची, त्यांच्या बरोबर आलेल्या गणितांवर ती सोनेरी चांदणी चिकटवायची. काकूंचे गुडघे कामातून गेल्यापासून आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामाच्या दवाखान्यात तीच न्यायची. संध्याकाळी खाली येऊन काकूंना पेपर वाचून दाखवायची आणि साहेबांशी वाद घालायची. "ही गेली तर या घरात दोन म्हातारी आणि एक तराजू उरेल," असं काकू हसत म्हणायच्या. ते हसणं वरवरचं होतं, आणि ते साहेबांना कळायचं. त्यांनाही मनातून तीच भीती होती. फक्त ते बोलून दाखवत नसत.

वर आणि खाली मिळून इंटरनेटची जोडणी एकच होती. तिचा राउटर जिन्याखालच्या फळीवर. खोका साहेबांनी स्वतः विकत आणलेला, पण त्यात काय भरायचं ते कंपनीचा माणूस येऊन भरून गेला होता. तीन वर्षं तो तिथे लुकलुकत होता आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

मग एका सकाळी कंपनीतून फोन आला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमच्याकडे नऊ उपकरणं चालतात. त्यातलं एक वरच्या मजल्यावर, तिथे सिग्नल कमी पडतो. आणि तो 'काकू टॅब' फार जुना झालाय. मोठा प्लॅन घेता का?"

साहेबांच्या हातातला दाढीचा ब्रश थांबला. काकूंच्या टॅबला 'काकू टॅब' हे नाव शिकवणीवालीने गंमत म्हणून दिलेलं, घराबाहेर ते कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सिस्टीममध्ये दिसतं, सर," बाई म्हणाली. जणू खिडकीतून दिसतंय.

फोन ठेवला आणि साहेबांच्या मनात जी पाल चुकचुकली ती पुढे महिनाभर चुकचुकतच राहिली. त्यांनी खुर्ची ओढून जिन्याखाली मुक्काम ठोकला. घरात सगळी यंत्रं बंद करून पाहिली, तरी खोक्याचा हिरवा दिवा मधूनमधून फडफडायचा. "घरात कुणी बोलत नाहीये, मग हा कुणाशी बोलतोय?" ते काकूंना विचारायचे. काकू म्हणायच्या, "तुमच्याबद्दल तक्रार करत असेल." त्यांनी खोक्याचं सेटिंगचं पान उघडलं, तर तिथे बदलता येण्याजोग्या गोष्टी चारच, बाकी सगळं कंपनीच्या कुलपात. आतला मूळ प्रोग्राम शेवटचा सुधारला होता सहा वर्षांपूर्वी. ज्यावर आपलं सील नाही आणि जे आपल्याला उघडता येत नाही असलं यंत्र साहेबांनी नोकरीत एक दिवसही चालू दिलं नसतं. इथे ते त्यांच्याच घरात, त्यांच्याच विजेवर चाललं होतं.

मागच्या रस्त्यावर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा एक जाडा माणूस होता. त्याने उपाय सांगितला. "आतला प्रोग्रामच काढून टाका. लिनक्सवर चालणारा मोकळा प्रोग्राम मिळतो, तो घाला. फुकट आहे."

"फुकट? का?"

"जगभरातले लोक मिळून लिहितात. सगळा उघडा असतो, कुणीही आत बघावं. काही लपवलं तर दुसरा पकडतो."

फुकट म्हटल्यावर साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. कुणीही आत बघावं, हे ऐकल्यावर त्या विरल्या. काचेच्या पेटीतला तराजू, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "आणा इकडे, दहा मिनिटांत करून देतो." साहेब म्हणाले, "नको." खोका घराबाहेर दहा मिनिटं राहिला तर त्या दहा मिनिटांत काय झालं हे कोण सांगणार?

पुढचे पंधरा दिवस त्यांनी त्यावर घालवले. त्या प्रोग्रामच्या पानावर कुठकुठल्या खोक्यांना तो चालतो याची लांबलचक यादी होती. साहेबांनी खोका उलटा करून भिंगातून तळाची चिठ्ठी वाचली. मॉडेल यादीत होतं, पण त्याच्या तीन आवृत्त्या होत्या आणि दुसरीची फाइल तिसरीत घातली तर खोका कायमचा मरणार होता. चिठ्ठीवरचा आकडा अर्धवट पुसलेला. तो तीन आहे की दोन, यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. शेवटी साहेबांनी स्क्रू काढून आतली पट्टी पाहिली, तेव्हा कुठे तीनवर शिक्कामोर्तब झालं.

मग आली फाइल अस्सल आहे की नाही याची परीक्षा. पानावर चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक माळ छापलेली होती. उतरवून घेतलेल्या फाइलवरून आपल्या संगणकाने काढलेली माळ तिच्याशी तंतोतंत जुळली, तर वाटेत कुणी हात मारलेला नाही. काकू पडद्यावरून वाचत होत्या, "सात, सी, शून्य, एफ, एफ..." आणि साहेब कागदावर एकेका अक्षरापुढे पेन्सिलीने खूण करत होते. एकदा झालं. मग उलटीकडून एकदा. शिकवणीवाली जिन्यावर बसून पोट धरून हसत होती.

"काका, संगणकच जुळवून सांगतो की! एक ओळ टाइप करायची."

"ज्याची तपासणी करायची त्यालाच विचारायचं, बरोबर आहेस का म्हणून?" साहेब म्हणाले.

तिचे वर्ग नसतात म्हणून रविवारची दुपार ठरली. "काका, सोमवारी सकाळी माझ्या मुलांची परीक्षा आहे हं," ती म्हणाली. "खोका मेला तर माझीही गेली." साहेबांनी जुना लॅपटॉप तारेने खोक्याला जोडला. मधेच वीज तोडली तर सगळंच संपलं, म्हणून काकूंना बटणापाशी पहाऱ्याला बसवलं. साहेबांनी कळ दाबली. खोक्याचे सगळे दिवे एकदम विझले. चार मिनिटं तिघं विझलेल्या दिव्यांकडे बघत बसली. काकूंचा गुडघा ठणकत होता, पण त्या हलल्या नाहीत. मग एक दिवा चमकला, मग दुसरा, आणि पडद्यावर एक साधं, रूक्ष पान उघडलं. तिथे कुलूप नव्हतं. साहेबांच्या जिवात जीव आला. ते इतके खूश झाले की त्यांनी शिकवणीवालीच्या पाठीवर थाप मारली, आणि असं त्यांनी आयुष्यात कुणाच्या पाठीवर केलं नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! पण साहेबांना अर्धवट तपासणी कधी जमली नाही. नव्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. घरातलं कुठलं यंत्र बाहेरच्या कुठल्या पत्त्याची चौकशी करतं, त्याची ओळीने नोंद ठेवता यायची. आत काय वाचलं, काय लिहिलं ते दिसायचं नाही. कोण कुणाच्या दारात गेलं, एवढंच. साहेबांनी ती चालू केली ती चोर पकडायला, यात खोटं काही नाही. आणि चोर सापडलेही. टीव्ही दर दहा मिनिटांनी आपल्या कारखान्याला निरोप धाडत होता. साहेबांनी त्याचं तोंड बंद केलं आणि निरीक्षणवहीत तारखेनिशी लिहून ठेवलं.

पण त्याच यादीत वरच्या मजल्याच्या ओळीही येत होत्या. पहिले दोन दिवस साहेबांनी त्यावरून नजर काढून घेतली. तिसऱ्या दिवशी काढली नाही. तेहतीस वर्षं ज्या डोळ्यांना ओळीतली एक चुकीची नोंद हुडकायची सवय, ते डोळे दुसरं काय करणार? दुपारी तीन वाजता वरच्या लॅपटॉपने भाड्याच्या घरांच्या एका पानाची चौकशी केली होती. चार वाजता समुद्राकाठच्या एका दूरच्या शहरातल्या शाळेची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशी त्याच शहराच्या बसगाड्या.

साहेबांनी हिशेब मांडला. ही जाणार. आणि आपल्याला ताकास तूर लागू देत नाही! संध्याकाळी ती नेहमीसारखी खाली येऊन पेपर वाचायची, हसायची, आणि साहेब तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. मामाही असाच हसायचा, त्यांना आठवायचं. काकूंना ते काही बोलले नाहीत. फक्त रोज दुपारी दार लोटून यादी उघडायचे, आणि वहीत आता टीव्हीच्या ऐवजी तिच्याच ओळी उतरायला लागल्या.

आठवड्याने काकूंना दवाखान्यात न्यायला ती खाली आली. काकू चपला घालत होत्या. साहेबांच्या मनात इतके दिवस खदखदत होतं ते बाहेर आलंच.

"समुद्राकाठी हवा दमट असते म्हणे," ते म्हणाले. "घरांना बुरशी लागते. नीट बघून घे."

"कुठली घरं, काका?"

"तीच. त्या शाळेच्या आसपासची."

ती जागच्या जागी थांबली. काकूंची चप्पल अर्धवट पायात राहिली.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं.

अगदी हेच शब्द साहेबांनी फोनवरच्या बाईला विचारले होते. त्यांना ते आठवलं, आणि नेमकं त्याच क्षणी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सिस्टीममध्ये दिसतं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर साहेबांना परवडलं असतं. "मी कुणालाही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या आईलाही नाही. शाळेने विचारलंय, मी अजून हो म्हटलेलं नाही की नाही. मलाच ठाऊक नव्हतं जायचंय का. आणि तुम्ही ते माझ्या आधी वाचून मोकळे झालात." मग ती खाली वाकली, काकूंच्या चपलेचा पट्टा लावला आणि त्यांना धरून दवाखान्यात घेऊन गेली. वाटेत एक अक्षर बोलली नाही, असं काकूंनी नंतर सांगितलं.

त्या संध्याकाळी पेपर वाचायला ती आली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी यादी उघडली, तर तिच्या लॅपटॉपची ओळच नाहीशी झालेली. ती मोबाईलच्या नेटवर शिकवत होती. ते धड चालत नव्हतं. "मॅडम, आवाज तुटतोय," असं मुलं ओरडायची ते जिन्यावरून खाली ऐकू यायचं, आणि ती गणिताची तीच पायरी तीनतीनदा समजावून सांगायची. साहेब जिन्याखाली बसून ते ऐकत होते. खोक्याचा हिरवा दिवा शांत होता. आता त्यात लपलेलं काही उरलं नव्हतं.

तीन दिवस काकूंनी कळ काढली. चौथ्या दिवशी त्या काठी टेकत जिन्याखाली आल्या.

"तुमची पहिली वजनं आठवतात का?" त्यांनी विचारलं.

आठवत होती. कशी विसरणार? नोकरीला लागल्यावर खात्याने त्यांना पितळी वजनांची पेटी दिली होती. बाजारातली सगळी वजनं याच वजनांशी ताडून पाहायची. साहेबांना त्यांचा इतका अभिमान की रोज पॉलिश लावून ती लख्ख घासायचे. वर्षाने नियमाप्रमाणे पेटी वरच्या कचेरीत तपासायला गेली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने यांना बसायलाही न सांगता निकाल सुनावला. घासून घासून वजनं हलकी झाली होती. सहा महिने त्यांनी चांगल्या दुकानदारांची खरी वजनं जड ठरवून परत पाठवली होती आणि कमी भरणारी पास केली होती. ही गोष्ट त्यांनी जन्मात एकाच माणसाला सांगितली होती, बायकोला, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"पुन्हा घासत बसलात," काकू म्हणाल्या. "आणि या वेळी पेटी कुणाकडे पाठवणार? वर कचेरी नाही. वर ती राहते."

साहेब उठले, तारा काढून खोका उचलला, लॅपटॉप काखेत मारला, निरीक्षणवही घेतली आणि जिना चढले. तिच्या दारावर त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदाच टकटक केली. नेहमी हाक मारायचे.

तिने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. साहेब उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच बोलले.

"चुकलो मी. कंपनीला चोर म्हणालो आणि तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. ही वही. तुझी पानं फाडून घे. या खोक्याची नोंद तू बंद कर, आणि पासवर्ड बदल. नवीन मला सांगू नकोस."

तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "म्हणजे मग यादी मला दिसेल. तुमचीही."

"दिसू दे."

"आणि तुम्हाला उघडता येणार नाही."

"नाही येणार." एवढं बोलून ते थांबले, आणि मग प्रामाणिकपणाची जुनी खोड वर आली. "मागे एक बारीक भोक आहे. त्यात टाचणी खुपसून धरली की पासवर्ड जातो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तेवढं मला करता येईल. तुला माहीत असावं."

ती खोका आणि लॅपटॉप घेऊन आत गेली. खोका लावला, पाठ करून बसली, काहीतरी टाइप केलं. साहेबांनी मान भिंतीकडे फिरवली होती. मग तिने टेबलाच्या खणातून सोनेरी चांदणी काढली, खोक्यामागच्या भोकावर चिकटवली आणि तिच्यावरून पेनाने आडवी सही मारली. सही अर्धी चांदणीवर, अर्धी खोक्यावर. चांदणी हलली की कळणार. आयुष्यात हजारो काट्यांना सील लावलेल्या माणसाने आपल्या यंत्राला लागलेलं सील वाकून पाहिलं. काम चोख होतं. वहीतली पानं तिने फाडून घेतली आणि खोका त्यांच्या हातात दिला.

साहेब वळले, दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. त्यांना जे हवं होतं ते आता कुठल्याही पानावर दिसणार नव्हतं. तेहतीस वर्षं आणि वर सहा वर्षं त्यांनी सगळं तपासलं होतं. कुणाला साधं विचारलं असं कधी झालंच नव्हतं.

"तू जाणार आहेस का ग?" त्यांनी विचारलं. "काकू फार... आम्हाला दोघांनाही फार जड जाईल."

तिने दाराची कड धरली. राग अजून गेला नव्हता, दिसत होतं.

"अजून ठरलं नाही, काका," ती म्हणाली. "ठरेल तेव्हा आधी तुम्हाला सांगीन. तोवर विचारू नका."

साहेब खाली आले. खोका फळीवर ठेवला, तारा जोडल्या, दिवे लागले. काकू जिन्याच्या तळाशी काठीवर रेलून त्यांचीच वाट बघत होत्या.

"काय म्हणाली?"

"ठरलं की आधी आपल्याला सांगेल."

"सांगेल?"

"सांगेल."

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "कशावरून?"

साहेबांनी फळीवरच्या खोक्याकडे पाहिलं, मग वरच्या बंद दाराकडे.

"ती म्हणाली म्हणून," ते म्हणाले.